फ्लू, परसातल्या कोंबड्या आणि गणपतीची गर्दी : कोकणातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस लागला की कोकणात घरोघर ताप-खोकला सुरू होतो, आणि थंडीत कुठून तरी ‘बर्ड फ्लू आला’ अशी बातमी येते. दोन्हींच्या मुळाशी एकाच कुळातले विषाणू आहेत. माझं स्पष्ट मत आहे की पहिल्याला आपण फार हलक्यात घेतो, आणि दुसऱ्याच्या वेळी नको त्या गोष्टीला घाबरून नेमकी हवी ती काळजी विसरतो. वाडीवर, बाजारात आणि दवाखान्याच्या बाकावर लोक जे विचारतात, तेच प्रश्न इथे घेतले आहेत.

फ्लू म्हणजे जरा जोराची सर्दीच ना?

नाही. सर्दी हळूहळू चढते. आधी शिंका, मग नाक गळणं. फ्लू माणसाला अचानक पाडतो. सकाळी धडधाकट असलेला माणूस दुपारी अंथरूण धरतो. हुडहुडी भरून ताप, अंग मोडून निघाल्यासारखं दुखणं, ठणकणारं डोकं, कोरडा खोकला. ताप तीन-चार दिवसांत उतरतो, खोकला आणि थकवा दोन आठवडेही रेंगाळतो.

बहुतेक जण घरीच बरे होतात. पण घरातली म्हातारी माणसं, गरोदर बाई, तान्ही मुलं, दमा, मधुमेह किंवा हृदयाचा आजार असलेले, यांच्यात फ्लू छातीत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. दर वर्षी फ्लूने माणसं दगावतात, आणि त्यात याच लोकांचा भरणा जास्त असतो.

एच१एन१, एच३एन२, एच५एन१ ही नावं कसली?

फ्लूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत : ए, बी, सी आणि डी. बी मुख्यतः माणसांतच राहतो. सी सौम्य असतो. डी गुराढोरांत सापडतो. खरा धुमाकूळ ए घालतो, कारण तो माणूस, कोंबडी, बदक, डुक्कर, घोडा, सील अशा कितीतरी प्राण्यांत राहू शकतो.

ए विषाणूच्या अंगावर दोन प्रकारची प्रथिनं असतात. ‘एच’च्या बळावर तो पेशीला चिकटून आत शिरतो, ‘एन’च्या बळावर नवे विषाणू पेशीतून सुटून बाहेर पडतात. नावातले आकडे या दोन प्रथिनांचे उपप्रकार सांगतात. माणसांत सध्या दर वर्षी फिरतात ते एच१एन१ आणि एच३एन२, सोबतीला बी. एच५एन१ हा पक्ष्यांचा.

तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो कसा?

मुख्यतः श्वासावाटे. खोकताना, शिंकताना, मोठ्याने बोलताना आणि गातानाही तोंडातून बारीक थेंब उडतात. मोठे थेंब एक-दोन मीटरच्या आत खाली पडतात, अगदी सूक्ष्म असतात ते बंद खोलीत काही वेळ हवेत तरंगतात. दुसरा मार्ग हातांचा. दाराची कडी, मोबाइल, एसटीतला दांडा अशा गुळगुळीत वस्तूंवर हा विषाणू एक-दोन दिवस तग धरू शकतो, कापडावर त्याहून कमी. तिथून हात आणि हातावरून नाक-डोळे.

अडचण अशी की ताप येण्याच्या आदल्या दिवसापासूनच माणूस विषाणू पसरवू लागतो. पुढे पाच ते सात दिवस हे चालू राहतं, लहान मुलांत आणखी काही दिवस. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत एक ते चार दिवस जातात. म्हणजे मुंबईहून निघताना ठणठणीत असलेला माणूस गावी पोचल्यावर तिसऱ्या दिवशी तापाने फणफणू शकतो, आणि तोवर सगळ्या घराला भेटून झालेलं असतं.

फ्लूचा जोर पावसाळ्यातच का? थंडीचा आजार आहे ना हा?

थंड देशांत तो हिवाळ्याचा आहे. आपल्याकडे वर्षातून दोनदा डोकं वर काढतो : एकदा जुलै ते सप्टेंबर, आणि दुसऱ्यांदा जानेवारी ते मार्च. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यातला भर विशेष जाणवतो. दमट हवा आणि दारं-खिडक्या लावून एका छपराखाली बसलेली माणसं, या दोन्हींचा त्यात वाटा आहे.

आता कॅलेंडर बघा. भाद्रपदातले गौरी-गणपती याच दिवसांत येतात. फ्लू ऐन भरात असताना लाखो चाकरमानी काचा बंद केलेल्या एसटीत आणि कोकण रेल्वेच्या खचाखच डब्यात आठ-दहा तास बसून गावी येतात. माजघरात तीस-चाळीस माणसं खांद्याला खांदा लावून उभी, बाहेर धो धो पाऊस म्हणून दारं ओढलेली, टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर सगळे गळा काढून आरती म्हणतायत. एकेका घराची आरती झाली की तीच मंडळी पुढच्या घरी. रात्री भजन, मग फुगड्या, हातात हात. विषाणूला याहून सोपी वाट मिळणार नाही. आणि त्या घरातली सत्तरीपुढची आजी वर्षभर याच गर्दीची वाट बघत असते, हे मला सगळ्यात जास्त बोचतं.

मग गणपतीला गावी जायचंच नाही का?

जायचं. पण निघण्याच्या दिवशी ज्याला ताप किंवा नवा खोकला आहे, त्याने एक-दोन दिवस मागे राहून, ताप पूर्ण उतरल्यावर निघावं. पॅरासिटामॉल न घेता चोवीस तास ताप नाही, ही साधी कसोटी. गोळी घेऊन ताप दाबून गाडीत बसणं हा गावच्या म्हाताऱ्यांवर अन्याय आहे.

आधीच गावी पोचला असाल तर वेगळ्या खोलीत झोपा, मास्क लावा, आरतीला ओटीवर किंवा खळ्यात उभे राहा. पावसाची सर नसेल तेव्हा खिडक्या सताड उघडा. प्रसाद वाटणाऱ्याने आधी साबणाने हात धुवावेत. या विषाणूवर चरबीचं वेष्टण असतं, साबणाने ते फुटतं आणि विषाणू निकामी होतो. महागड्या सॅनिटायझरची गरज नाही.

लावणी झाल्यावर ताप आला. फ्लू की लेप्टो?

हा प्रश्न कोकणात जिवावरचा आहे, म्हणून नीट वाचा. लेप्टोस्पायरोसिस उंदरांच्या आणि गुरांच्या मुतातून चिखलात येतो आणि पायाच्या जखमांतून अंगात शिरतो. सुरुवातीला तो हुबेहूब फ्लूसारखा वाटतो. पण पोटऱ्या हात लावू देणार नाहीत इतक्या दुखणं, डोळे लाल होणं, लघवी कमी होणं, डोळ्यांत पिवळेपणा येणं, ही लेप्टोची खूण. फ्लूमध्ये घसा आणि खोकला पुढे असतो, शिवाय घरातले एकामागून एक पडतात. लेप्टो माणसातून माणसाला सहसा होत नाही.

शेतात चिखलात काम केलं असेल तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा. लेप्टोला अँटिबायोटिक लागतं आणि लवकर लागतं, फ्लूवर ते काहीच करत नाही. याच दिवसांत डेंग्यू-मलेरियाही असतो, आणि दोडामार्ग-सावंतवाडी बाजूला जानेवारीपासून उन्हाळ्यापर्यंत जंगलात जाणाऱ्यांना गोचिडांमुळे होणारा माकडताप. मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून चार दिवस काढणं म्हणूनच धोक्याचं.

१९१८ च्या साथीबद्दल ऐकलं होतं. तोही फ्लूच?

हो, एच१एन१. जून १९१८ मध्ये मुंबईत गोदीवर पहाऱ्याला असलेले पोलिस शिपाई आजारी पडले, तिथून साथ शहरभर झाली. ती पहिली लाट तशी सौम्य होती. सप्टेंबर-ऑक्टोबरातली दुसरी भयंकर ठरली. भारतात सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत माणसं गेली असावीत असे अंदाज आहेत, म्हणजे जगात कुठल्याही देशापेक्षा जास्त. मरणाऱ्यांत विशी ते चाळिशीतली, कमावती माणसं फार होती. मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातले कामगार मोठ्या संख्येने होते आणि गावाशी येणंजाणं आगबोटीने चाले. रेल्वे कोकणात यायला आणखी कित्येक दशकं होती, पण शहर आणि गाव यांच्यातली ये-जा मात्र होतीच.

त्यानंतर १९५७ मध्ये एच२एन२, १९६८ मध्ये एच३एन२ आणि २००९ मध्ये नव्या एच१एन१ ची जागतिक साथ आली.

‘स्वाइन फ्लू’ अजून आहे? डुकराचं मांस खाल्ल्याने होतो का?

मांस खाल्ल्याने होत नाही. २००९ चा विषाणू डुकरांतून माणसांत आला हे खरं, पण त्यानंतर तो माणसांतलाच झाला. ऑगस्ट २०१० मध्ये जागतिक साथ संपल्याचं जाहीर झालं, विषाणू मात्र राहिला आणि आता दर वर्षीच्या फ्लूतलाच एक आहे. रिपोर्टवर ‘एच१एन१’ दिसलं की घरात रडारड होते आणि शेजारी वाट वाकडी करतात, हे थांबायला हवं. काळजी घ्यायची ती कुठल्याही फ्लूइतकीच.

पक्ष्यांचा फ्लू माणसाला सहज का होत नाही?

विषाणूला पेशीवर चिकटायला एक जागा लागते. पक्ष्यांच्या आतड्यात आणि श्वासमार्गात ती एका प्रकारची असते, माणसाच्या नाका-घशात दुसऱ्या प्रकारची. पक्ष्यांसारखी जागा माणसात फुप्फुसाच्या खोल भागात आणि डोळ्यांत सापडते. म्हणून आजारी पक्ष्याशी अगदी जवळून संबंध आला, विषाणू भरपूर प्रमाणात आत गेला, तरच सहसा लागण होते. आणि एकाकडून दुसऱ्या माणसाकडे तो सहज जात नाही.

पण लागण झालीच तर ती हलकी असेलच असं नाही. २००३ पासून जगभरात एच५एन१ च्या नऊशेहून जास्त रुग्णांची नोंद आहे आणि त्यातले जवळपास निम्मे दगावले. सौम्य आजारी नोंदीतून सुटत असणार, हे धरलं तरी आकडा गंभीर आहे. भारतात एच५एन१ ने माणूस दगावल्याची पहिली नोंद २०२१ ची, हरियाणातल्या एका मुलाची.

इतका कमी होतो, तर शास्त्रज्ञांना धास्ती कशाची?

तो बदलतो याची. एक बदल सततचा : स्वतःची नक्कल करताना विषाणू बारीक चुका करत राहतो आणि रूप थोडंथोडं पालटतं. गेल्या वर्षीची प्रतिकारशक्ती यंदा अपुरी पडते ती यामुळे. दुसरा बदल क्वचित होतो, पण मोठा. फ्लूचे जनुक आठ सुट्या तुकड्यांत असतात. एकाच प्राण्याच्या एकाच पेशीत पक्ष्याचा आणि माणसाचा असे दोन विषाणू शिरले, तर पत्त्यांचे दोन जोड एकत्र पिसावेत तसे हे तुकडे मिसळतात आणि कोणालाच ओळखीचा नसलेला नवा डाव हाती येतो. डुकराच्या श्वासमार्गात पक्ष्यांच्या आणि माणसांच्या, दोन्ही विषाणूंना चिकटता येतं, म्हणून डुकराकडे विशेष लक्ष असतं. १९५७ आणि १९६८ चे विषाणू पक्ष्यांच्या आणि माणसांच्या विषाणूंची अशीच सरमिसळ होऊन झाले.

कोकणात बर्ड फ्लू खरंच आला आहे का?

आला आहे. देशात कोंबड्यांत तो पहिल्यांदा सापडला फेब्रुवारी २००६ मध्ये, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. जानेवारी २०२१ मध्ये दापोलीत मेलेल्या कावळ्यांच्या नमुन्यांत तो निघाला, ठाणे आणि मुंबईतही पक्ष्यांत सापडला. जानेवारी २०२५ मध्ये उरण तालुक्यातल्या चिरनेरला कोंबड्यांत आढळला. त्याच सुमारास नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ ने मेले.

महिने बघितले तर बहुतेक वेळा जानेवारीच्या आगेमागे. तेव्हा उत्तरेकडून आलेले पाहुणे पक्षी आपल्या खाड्यांत आणि किनाऱ्यावर असतात.

मग हर्णै-गुहागरच्या किनाऱ्यावर सीगल बघायला जाऊ नये?

खुशाल जा. लांबून पक्षी बघून फ्लू होत नाही. फक्त मेलेल्या किंवा लंगडणाऱ्या, मान टाकलेल्या पक्ष्याला हात लावू नका, मुलांना पिसं गोळा करू देऊ नका, कुत्र्याला वाळूवर मोकळं सोडू नका. रानबदकं आणि कुरव (म्हणजे हेच सीगल) वरकरणी ठणठणीत असूनही विष्ठेतून विषाणू टाकू शकतात, आणि थंड, ओल्या विष्ठेत तो बरेच दिवस टिकतो. आणि दोष सगळा पाहुण्या पक्ष्यांवर टाकणंही बरोबर नाही. कोंबड्यांची ने-आण, न धुतलेले पिंजरे, टेम्पोची चाकं यांनीही तो गावोगाव जातो.

आमच्या खुराड्यात दोन कोंबड्या अचानक मेल्या. बर्ड फ्लूच असेल?

असेलच असं नाही. राणीखेत म्हणजे मानमोडीनेही कोंबड्या अशाच पटापट मरतात आणि गावात ती बर्ड फ्लूपेक्षा कितीतरी जास्त दिसते. तुरा आणि गळ्याखाली लोंबणारे गलोल निळसर पडणं, डोकं सुजणं, हिरवट हगवण, अंडी एकाएकी बंद होणं, आणि काहीच लक्षण न दाखवता रात्रीत मरून पडणं, ही दोन्हींत दिसू शकतात. डोळ्यांनी बघून कोणालाच ठरवता येत नाही. नमुना प्रयोगशाळेत जावा लागतो, आणि बर्ड फ्लूचं शिक्कामोर्तब भोपाळच्या राष्ट्रीय संस्थेत होतं.

आता जे होतं ते सांगते. कोंबडी मान टाकायला लागली की ‘मरायच्या आत कापून टाकूया’ असं घरात कोणीतरी म्हणतं. मग परसात चुलीवर पाणी तापतं, कोंबडी त्यात बुडवून घरातली बाई उकिडवी बसून पिसं उपटते, ओली पिसं मनगटाला चिकटतात, पोट फाडून आतडी काढताना हात कोपरापर्यंत भरतात, शेजारी नातवंड पिसांशी खेळत असतं. विषाणू माणसात जायची सगळ्यात मोठी संधी हीच. रस्सा उकळला की तो मरतो. धोका त्याच्या आधीच्या अर्ध्या तासात आहे. पैशाचं नुकसान मला कळतं, गावठी कोंबडीची किंमत आज थोडीथोडकी नाही. तरीही आजारी कोंबडी कापू नका, विकू नका, कोणाला देऊ नका आणि व्हाळात फेकू नका.

नाका-तोंडाला कापड आणि हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून मेलेला पक्षी दुहेरी पिशवीत घाला, कुत्र्या-मांजरांपासून लांब ठेवा, हात साबणाने धुवा, आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर कळवा. पुढचे दहा दिवस घरात कोणाला ताप, खोकला आला किंवा डोळे आले, तर डॉक्टरांना कोंबड्यांचं आवर्जून सांगा.

कळवलं तर वाडीतल्या सगळ्या कोंबड्या मारतील, म्हणून लोक गप्प राहतात.

ही भीती खोटी नाही. बर्ड फ्लू पक्का झाला तर एक किलोमीटरच्या परिसरातले पाळीव पक्षी मारून पुरले जातात आणि दहा किलोमीटरपर्यंत पाहणी होते. मारलेल्या पक्ष्यांची ठरलेल्या दराने सरकारी भरपाई मिळते. आधीच मेलेल्यांची मिळत नाही. म्हणजे आठ दिवस लपवलं तर कोंबड्याही जातात आणि भरपाईही. अहवाल मानमोडीचा आला तर कोणाच्याच कोंबड्या मारल्या जात नाहीत, उलट राहिलेल्यांना लस देता येते. आठवडा बाजारातून नवी कोंबडी आणली की दोन-तीन आठवडे वेगळी ठेवायची सवय लावली, तर अर्धी भानगड दारातच अडते.

चिकन, अंडी, मासळी खायची की नाही?

मासळीचा याच्याशी काही संबंध नाही, ताजी असो वा सुकी. चिकन आणि अंडी पूर्ण शिजवून खा. ७० अंश सेल्सिअसला विषाणू मरतो आणि आपलं कालवण त्याच्या कितीतरी वर उकळतं. अंड्याचा बलक पातळ ठेवू नका. कच्चं मटण-चिकन कापलेली विळी आणि पाट धुतल्याशिवाय त्यावर कोशिंबीर चिरू नका.

पितृपक्षात कावळ्याला घास ठेवायचा का?

ठेवा. पान ठेवून बाजूला होण्यात धोका नाही. आसपास कावळे मेलेले दिसले असतील, तर पान खुराड्यापासून लांब ठेवा आणि उरलेलं अन्न कोंबड्यांना घालू नका.

गाय, म्हैस, मांजर यांना होतो?

मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत दुभत्या गाईंमध्ये एच५एन१ सापडला. विषाणू दुधात मोठ्या प्रमाणावर होता, आणि ते कच्चं दूध प्यालेली मांजरं मेली. गोठ्यात काम करणाऱ्या काही माणसांनाही लागण झाली, बहुतेकांचे फक्त डोळे आले. २०२३ मध्ये पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर हजारो समुद्रसिंह या विषाणूने मेले. सस्तन प्राण्यांत त्याचं हे वाढतं येणंजाणं हीच आजची खरी चिंता आहे. आपण दूध उकळून पितो, ती सवय सोडू नका. धारेचं कच्चं दूध मुलांना देऊ नका. मेलेला पक्षी मांजराने घरात आणला तर तिला कुशीत घेऊ नका.

फ्लूची लस कधी, कोणी घ्यावी?

दर वर्षी, आणि आपल्याकडे पावसाच्या आधी, म्हणजे एप्रिल-मेमध्ये. दंडावर टोचल्यावर संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. पासष्टीपुढचे, गरोदर स्त्रिया, सहा महिन्यांपुढची लहान मुलं, जुनाट आजार असलेले, आशाताई आणि दवाखान्यातले कर्मचारी यांनी आधी. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो, पण न्यूमोनिया आणि दवाखान्यात भरती होण्याची शक्यता घटते. ही लस बर्ड फ्लूपासून वाचवत नाही. तरी कोंबड्यांचा व्यवसाय असणाऱ्यांनी ती घ्यावी, म्हणजे माणसाचा आणि पक्ष्याचा विषाणू एकाच शरीरात भेटण्याची शक्यता कमी होते.

घरी काय करायचं आणि दवाखाना कधी गाठायचा?

विश्रांती, भरपूर पेज-पाणी, तापाला पॅरासिटामॉल. मुलांना अॅस्पिरिन अजिबात नाही. ओसेल्टामिवीर हे फ्लूवरचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं. म्हणून गरोदर बाई, म्हातारं माणूस किंवा दमेकरी यांना ताप आल्यावर ‘दोन दिवस बघू’ म्हणू नका, पहिल्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या.

धाप लागणं, छातीत दुखणं, ओठ-नखं निळी पडणं, बेडक्यात रक्त, गुंगी, मुलाने अंगावर पिणं सोडणं किंवा त्याच्या बरगड्या आत ओढल्या जाणं, आणि उतरलेला ताप पुन्हा चढणं, यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा. घाटीतून तालुक्याला पोचायला पावसात वेळ लागतो. रात्र झाली तरी सकाळची वाट न बघता निघा.